शितावरून भात, मापकावरून पाऊस

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आपण सगळ्यांनी एक वाक्य घोकलेलं असतं. सिग्नलमध्ये जी सर्वात मोठी फ्रीक्वेन्सी असेल तिच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्या, मग सिग्नल जसाच्या तसा परत मिळतो. पाच मार्कांचा प्रश्न, एक आकृती, खाली 'नायक्विस्ट' असं नाव. (कॅम्पस इंटरव्ह्यूतही हेच विचारतात, आणि बऱ्याचदा विचारणाऱ्यालाही एवढंच येत असतं.) पुढे नोकरी लागते, डेटा सायन्स अंगावर येतं, आणि हे वाक्य झिजत झिजत "पुरेसे पॉइंट घेतले की मधलं सगळं कळतं" असं होऊन बसतं.

माझं म्हणणं असं आहे की या प्रमेयातला खरा माल दुपटीत नाहीच. तो 'जी सर्वात मोठी फ्रीक्वेन्सी असेल' या अर्ध्या वाक्यात आहे. सर्वात मोठी अशी काही फ्रीक्वेन्सी असते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती असणं म्हणजे तुमचं फंक्शन एका फार विशिष्ट, फार शिस्तीच्या घराण्यातलं असणं. गणितवाले या घराण्यांना एंटायर फंक्शन्सच्या स्पेसेस म्हणतात आणि ऑपरेटर थिअरी नावाच्या शाखेत त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. आपण समजतो की आपल्याला त्याच्याशी काय करायचंय. पण मोताळ्याच्या शेतकऱ्याला कधी पैसे मिळतात आणि कधी मिळत नाहीत, याच्याशी या विषयाचा सरळ संबंध आहे असं मला वाटतं. थोडं गणित लागेल, पण बारावी सायन्सवाल्याला झेपेल इतकंच.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ती म्हण खरी आहे, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. म्हणीत ही अट सांगितलेली नाही, कारण घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. सॅम्पलिंगच्या प्रमेयाचं मात्र उलटं झालंय. अट विसरली गेली, शीत तेवढं राहिलं.

आधी हे प्रमेय जिथे झकास चालतं ते बघू. पुण्याहून मोताळ्याला फोन लावा. (मोताळा म्हणजे बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. विदर्भ म्हटलं की फक्त नागपूर आठवणाऱ्या मंडळींसाठी हा खुलासा.) पलीकडून आई बोलते. तिचा आवाज आधी एका चाळणीतून जातो, ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं कापलं जातं. मग सेकंदाला ८००० वेळा मोजणी होते, प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. ही लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजची रीत. साध्या मोबाइल कॉलमध्येही मोजणी ८००० चीच, फक्त नंतर आकडे आणखी दाबून बसवलेले. व्होल्टीवर १६,००० पर्यंत जातात. दोन मोजण्यांच्या मधल्या १२५ मायक्रोसेकंदात आवाजाचं काय झालं, हे कोणी मोजलेलंच नसतं. तरी ऐकू येते ती आईच.

चाळणीचा तोटा कळतो तो कुणाचं आडनाव सांगताना. 'स'मधली सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली जाते, आणि मग 'सशातला स, फणसातला फ नाही' असं ओरडावं लागतं. हे आपण सोसतो, कारण त्याच्या बदल्यात एक मोठी गोष्ट पदरात पडते. चाळणीतून बाहेर पडलेला आवाज एंटायर फंक्शन झालेला असतो.

एंटायर फंक्शन म्हणजे काय? बहुपदी आठवा, साइन आठवा, ई चा एक्स घात आठवा. यांची टेलर सिरीज कितीही लांब जा, चालतच राहते. एक्सच्या जागी संमिश्र संख्या घाला, तरी चालते. १ भागिले एक्स तसं नाही, ते शून्यापाशी फाटतं. न फाटणाऱ्या या फंक्शन्सचा स्वभाव फार कडक असतो. त्याचा एक तुकडा, अगदी केसाच्या रुंदीचा, पूर्ण अचूक माहीत असेल तर उरलेलं सगळं फंक्शन ठरून गेलं. आणि एखाद्या तुकड्यावर ते शून्य असेल तर सगळीकडेच शून्य. मधेच जरा वेळ गप्प बसणं त्याला जमत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पावसापाशी लागणार आहे.

पेली आणि वीनर यांचं या विषयावरचं पुस्तक १९३४ मध्ये आलं. (रेमंड पेली ते छापून येण्याआधीच गेला होता. १९३३ मध्ये कॅनडात स्कीइंग करताना हिमकडा कोसळला, वय फक्त २६.) त्यांच्या नावाचं प्रमेय म्हणतं की सिग्नलची एकूण ऊर्जा मर्यादित असेल आणि फ्रीक्वेन्सी एका मर्यादेच्या आत कापलेल्या असतील, तर तो सिग्नल म्हणजे एक एंटायर फंक्शन, आणि संमिश्र प्रतलावर ते किती वेगाने फुगू शकतं यालाही मर्यादा. उलटंही खरं. म्हणजे 'बँड कापणं' आणि 'एंटायर असणं' ही एकाच नाण्याची... नाही, नाणं राहू दे. ही एकच गोष्ट आहे, दोन भाषांत सांगितलेली.

याचा एक गमतीदार परिणाम. असं फंक्शन कुठल्याही तुकड्यावर गप्प बसू शकत नाही, म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर आईचा फोन कधी सुरूही झाला नाही आणि कधी संपणारही नाही! यावर हसून पुढे जाता येतं, पण बेल लॅब्जमधल्या स्लेपियन, लँडाऊ आणि पोलॅक यांनी १९६१ पासून यावर लेखांची मालिका लिहिली. त्यांनी काय केलं, तर एक ऑपरेटर घेतला: सिग्नल आधी वेळेने कापा, मग फ्रीक्वेन्सीने कापा. या ऑपरेटरच्या आयगेनव्हॅल्यूज बघितल्या तर त्या आधी जवळजवळ १, १, १, १ अशा येत राहतात आणि मग कड्यावरून ढकलल्यासारख्या शून्याकडे कोसळतात. कडा साधारण कुठे येतो? बँडची रुंदी गुणिले वेळ गुणिले दोन. ४००० हर्ट्झ आणि तीन मिनिटं धरली तर १४ लाख ४० हजार. तीन मिनिटांच्या बोलण्यात व्यवहाराच्या दृष्टीने तेवढेच स्वतंत्र आकडे मावतात, त्याहून जास्त नाहीत. टेलिफोन कंपनीच्या पोटापाण्याचा हा आकडा, आणि तो ऑपरेटर थिअरीतून आला.

आता 'स्पेस' हा शब्द. एकेकटं फंक्शन बघण्याऐवजी त्या जातीची सगळी फंक्शन्स एकत्र एका घरात ठेवा, दोघांमधलं अंतर आणि कोन मोजायची सोय करा. झाली हिल्बर्ट स्पेस. (मराठी पुस्तकात 'अवकाश' म्हणतात. शब्द छान आहे, पण वाचला की इस्रो आठवतं.) आता एक साधा प्रश्न विचारा: या घरातल्या फंक्शनची एका बिंदूवरची किंमत किती? प्रश्न बावळट वाटेल, पण नाहीये. मर्यादित ऊर्जेची *सगळी* फंक्शन्स ज्या मोठ्या घरात राहतात, तिथे एका बिंदूवरच्या किमतीला अर्थच नसतो. एका बिंदूपाशी फंक्शन हवं तेवढं वर उचला, ऊर्जेत नगण्य फरक पडतो. तुम्ही १० मोजा, १०,००० मोजा, शेजारच्या बिंदूबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पेली-वीनरच्या घरात मात्र एका बिंदूवरची मोजणी ही सज्जन, भरवशाची क्रिया असते. प्रत्येक बिंदूसाठी घरातच एक फंक्शन असतं, त्याला कर्नल म्हणतात, आणि त्याच्याशी गुणाकार केला की तिथली किंमत हातात येते. सॅम्पलिंगचं सूत्र म्हणजे या कर्नल्सची बेरीज, बाकी काही नाही.

म्हणजे मापक, मीटर, सेन्सर, जे काही एका जागी ठेवून आपण आकडा घेतो, त्या आकड्याला आजूबाजूबद्दल बोलायचा अधिकार मीटर देत नाही. तो अधिकार स्पेस देते. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे.

ऑपरेटर्सचंही तसंच. डिफरन्शिएशन घ्या. मोठ्या घरात हा ऑपरेटर पिसाळलेला असतो, चिमूटभर फंक्शनमधून डोंगराएवढा डेरिव्हेटिव्ह काढून दाखवेल. पेली-वीनरच्या घरात तोच गरीब गाय होतो, बँडच्या रुंदीपेक्षा जास्त पटीने काही वाढवूच शकत नाही. बर्नस्टाइनची असमता म्हणतात ती हीच. ऑपरेटर एकच, घर बदललं की स्वभाव बदलतो. (सासर-माहेरचे विनोद ज्याचे त्याने करावेत :-))

लुई द ब्रांज यांनी हा विचार टोकाला नेला. त्यांचं 'हिल्बर्ट स्पेसेस ऑफ एंटायर फंक्शन्स' हे पुस्तक १९६८ चं. त्याआधी क्रेन यांनी सोव्हिएत युनियनमध्ये याच रानात बरंच काम करून ठेवलं होतं. कल्पना अशी की ऑपरेटर्सची एक मोठी जात अशी आहे की त्यातला कुठलाही अमूर्त ऑपरेटर उचलून योग्य त्या एंटायर फंक्शन्सच्या घरात आणून बसवा, तो नुसता 'चलाने गुणा' एवढाच उरतो. मॅट्रिक्स डायगोनल करताना जो आनंद होतो ना, तोच, पण अनंत मितींत. कंप पावणाऱ्या तारेचं गणित याच घरात मांडता येतं. तारेवर कुठे किती वजन आहे हे न बघता, फक्त तिचे सूर (टोक बांधून एकदा, टोक सैल सोडून एकदा) ऐकून वजनाची वाटणी सांगता येते. एकतारी वाजवणाऱ्याला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही, पण सिद्ध करणं वेगळं.

या द ब्रांजसाहेबांचं आपल्याशी एक लांबचं नातं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ते आणि आपले श्रीराम अभ्यंकर १९६० च्या दशकापासून एकाच गणित विभागात होते. अभ्यंकर १९३० साली उज्जैनला जन्मलेले, मराठी घरातले, २०१२ मध्ये गेले. पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनी १९७६ मध्ये काढलं. त्यांचा विषय बैजिक भूमिती, आणि शाळेतल्या बीजगणितात अजून पुष्कळ दम आहे, उगाच अमूर्ताच्या मागे धावू नका, असा त्यांचा आग्रह. द ब्रांज बरोबर दुसऱ्या टोकाचे. १९६४ मध्ये रोवन्याक यांच्याबरोबर जाहीर केलेला इनव्हेरियंट सबस्पेसचा निकाल टिकला नाही, त्यामुळे १९८४ मध्ये 'बीबरबाखचं अनुमान सिद्ध केलं' म्हटल्यावर लोक सावध होते. (ते अनुमान १९१६ पासून पडून होतं.) पण सिद्धतेत लागणाऱ्या असमता पर्ड्यूतल्याच वॉल्टर गाउत्शी यांनी कॉम्प्युटरवर तपासल्या. मग त्यांनी रिचर्ड आस्की यांना फोन केला, तर कळलं की ही असमता आस्की आणि गॅस्पर यांनी १९७६ मध्येच सिद्ध करून ठेवलीय! लेनिनग्राडच्या गणितज्ञांनी पूर्ण सिद्धता तपासली, आणि १९८५ मध्ये ती छापून आली. पुढे द ब्रांज यांनी याच स्पेसेस वापरून रीमान हायपोथेसिसवरही दावा केला, तो मात्र कोणी मान्य केलेला नाही.

आपल्याकडेही हे रान अगदीच कोरडं नव्हतं. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ ची, तिचं ग्रंथालय बरीच वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. तिच्या जर्नलमध्ये १९४८ साली व्ही. गणपति अय्यर यांनी सगळ्या एंटायर फंक्शन्सना एका स्पेसमध्ये बसवून, टेलर सहगुणकांवरून दोघांमधलं अंतर कसं मोजायचं हे मांडलं. असो. इतिहास इथे पुरे.

आता आपल्या धंद्याकडे या. तुमच्यापैकी जे मशीन लर्निंगमध्ये आहेत त्यांनी कर्नल हा शब्द ऐकलेला असणारच. सायकिट-लर्नमध्ये गॉसियन प्रोसेस उघडा, काही न सांगता जो कर्नल मिळतो तो आरबीएफ, म्हणजे गॉसियन. एसव्हीएममध्येही डीफॉल्ट तोच. गुळगुळीत, गोड, सगळीकडे चालतो. थोडेसे पॉइंट द्या, मधली सगळी जागा सुंदर रंगवून देतो. आता विचारा, हा कर्नल वापरताना आपण कुठल्या घरात शिरलो? उत्तर स्टाइनवार्ट, हश आणि स्कोव्हेल यांनी २००६ मध्ये नीट लिहून ठेवलंय: त्या घरातली सगळी फंक्शन्स एंटायर असतात. क्वांटम मेकॅनिक्सवाले जिला फॉक स्पेस म्हणतात, १९६१ मध्ये बार्गमन यांनी जी एंटायर फंक्शन्सच्या रूपात मांडली, तिचीच ही जवळची बहीण. त्या स्पेसमध्ये 'चलाने गुणा' आणि 'डिफरन्शिएट करा' हे दोन ऑपरेटर एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. फार देखणं घर आहे. प्रश्न एवढाच की तिथे पाऊस राहतो का?

बुलढाणा वर पठारावर. राजूर घाट उतरला की खाली मोताळा, आणि पुढे मलकापूरकडे पूर्णेच्या खोऱ्याची सपाटी. तालुक्यातच नळगंगेचं धरण. घाटाची कड, धरणाचं पाणी आणि कापूस-सोयाबीन-मक्याची सपाट रानं, सगळं हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी जूनच्या संध्याकाळी फोनवर काय ऐकू येतं हे तिकडच्या कुणालाही विचारा. "पाणी आलं का मामा तुमच्याकडे?" "सडकेच्या तिकडं आलं, आपल्या वावरात थेंब नाही पडला." हे रडगाणं नाही, हे मोजमाप आहे. गडगडाटी ढगाचा एक पुंजका काही किलोमीटर रुंद असतो आणि तास-अर्ध्या तासात रिकामा होऊन जातो. त्याच्या कडेला पावसाची खरोखर कड असते. अलीकडे ओलं, पलीकडे धूळ.

आता आधीचं वाक्य आठवा. एंटायर फंक्शन एखाद्या तुकड्यावर शून्य असेल तर सगळीकडे शून्य. गॉसियन कर्नलने काढलेल्या नकाशालाही हेच लागू. त्यात मोताळा तालुक्यातलं एक शिवार जरी पूर्ण कोरडं ठेवायचं म्हटलं, तर तो नकाशा सगळीकडे कोरडा ठेवावा लागेल. त्या घरात 'इकडे पडला, तिकडे नाही' हे वाक्य बोलताच येत नाही! मग मॉडेल काय करतं? कोरड्या शिवारात थोडा पाऊस शिंपडतं, ओल्यातून थोडा काढून घेतं, आणि कडेपाशी कधीकधी चक्क मायनस पाऊस दाखवतं. मग आपण कोडमध्ये एक ओळ टाकतो, शून्यापेक्षा कमी आलं तर शून्य धरा. झालं काम, नकाशा पुन्हा सुंदर. ती एक ओळ म्हणजे 'घर चुकलं' अशी आलेली नोटीस असते. आपण ती न वाचता फाडून टाकतो.

कोणी म्हणेल, फोनच्या आवाजातही 'स' कापलाच की. बरोबर, पण तिथे आपण मोजायच्या *आधी* चाळणी लावली. आवाजाला सक्तीने त्या घरात बसवलं आणि मग शितं मोजली. पावसाला मोजायच्या आधी अशी चाळणी लावता येत नाही. पर्जन्यमापक म्हणजे वीतभर तोंडाचं भांडं. ते आभाळातल्या कच्च्या, न गाळलेल्या पावसाचं एका बिंदूवरचं शीत उचलतं. चाळणी न लावता सॅम्पल घेतलं की बारीक चढउतार मोठ्या चढउतारांचं सोंग घेतात. अलायझिंग म्हणतात ते हेच, तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या पाच मार्कांचं. रडार थोडंफार चाळणीसारखं काम करतं, कारण ते एका घनफळाची सरासरी बघतं. पण नागपूरचं रडार मोताळ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर त्याचा किरण जमिनीपासून पाच किलोमीटरहून उंच गेलेला असतो. ढगाचं डोकं दिसतं, वावर दिसत नाही.

सरकारी हिशोब तर आपल्या आरबीएफहूनही साधा. तो म्हणतो की महसूल मंडळात एक केंद्र, त्याचा आकडा तोच सगळ्या गावांचा. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यात मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. त्याआधीच्या परिस्थितीच्या मानाने हे मोठंच पाऊल, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण भागाकार करा. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका केंद्रामागे सुमारे १५०. दोन केंद्रांमध्ये साधारण १२ किलोमीटर. ढगाचा पुंजका चार-पाच किलोमीटरचा आणि चाळणीची भोकं बाराची!

आणि या आकड्यावर काय काय ठरतं? मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर अतिवृष्टी. मग पंचनामा, मग मदतीची यादी. पंचनाम्याला माणूस शेतावर येतो हे खरं, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' हीदेखील आपत्ती धरायचं ठरवलं हेही खरं. पण सुरुवातीचं दार त्या भांड्यापाशी आहे. हवामान आधारित फळपीक विम्याच्या मुख्य हिशोबात तर माणूस नाहीच. संदर्भ केंद्राचा आकडा ट्रिगर ओलांडतो की पैसे, नाही ओलांडत की नाहीत. संत्र्याच्या बागेत काय झालं हे त्या हिशोबात कुठे येत नाही, दहा किलोमीटरवरच्या केंद्रात काय झालं ते येतं. ज्याची बाग बुडाली त्याला हे गणित कोणी समजावून सांगत नाही. त्याला सांगितलं जातं की "तुमच्या मंडळात पाऊस झालाच नाही." त्याच्या डोळ्यांसमोर झालेला पाऊस!

मी मोजणीच्या विरोधात नाही. उलट, ज्यांनी अशा मोजणीचं शास्त्र घडवलं ते या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक होते. डॅनी क्रिग हा दक्षिण आफ्रिकेतला खाणकाम इंजिनिअर. बोअरच्या मोजक्या नमुन्यांवरून सोनं किती असेल हे काढायची त्याची पद्धत १९५१ ची, क्रिगिंग हे नाव त्याच्यावरून पडलं. त्यात आधी हे ठरवावं लागतं की शेजारच्या दोन बिंदूंचा एकमेकांशी संबंध किती अंतरापर्यंत आणि कसा टिकतो. म्हणजेच कर्नल निवडावा लागतो, आणि तो *डेटा बघून* निवडावा लागतो. स्वीडनच्या बर्टिल माटेर्न यांनी १९६० मध्ये जंगलांच्या मोजणीसाठी जे कर्नल मांडले, त्यांच्या घरातली फंक्शन्स ठराविक वेळाच डिफरन्शिएट होतात, एंटायर नसतात. तिथे एका बिंदूवरच्या मोजणीला अर्थ असतो, पण तो कडकपणा नसतो. एखादं शिवार कोरडं राहू शकतं, शेजारचं भिजू शकतं. मायकल स्टाइन यांनी १९९९ च्या पुस्तकात गॉसियन सोडा आणि माटेर्न घ्या असं बजावून सांगितलं, कारण गॉसियनचा अतिगुळगुळीतपणा निसर्गात सहसा सापडत नाही. सायकिट-लर्नमध्ये तो कर्नल तयार आहे. एक शब्द बदलायचा असतो. पण तो बदलावासा वाटायला आपण आता कुठल्या घरात उभे आहोत हे आधी दिसायला हवं, आणि ते दिसत नाही, कारण पाच मार्कांत ते मावलं नव्हतं.

माटेर्न वापरल्यावर आणखी एक गोष्ट होते. दोन केंद्रांच्या मधल्या गावांवर मॉडेल खांदे उडवतं. आकडा देतं, पण सोबत एवढी मोठी अनिश्चितता देतं की ६५ च्या अलीकडे की पलीकडे हे सांगताच येत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरला हे आवडत नाही. 'तुमच्या शेतातला पाऊस' दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या स्क्रीनवर '४० ते ९०' असं लिहिलेलं कोणाला हवंय? गुळगुळीत '६३' बरा दिसतो. पण मोताळ्यापुरतं खरं उत्तर '४० ते ९०' असंच आहे, आणि ते छापलं गेलं तर निदान तहसीलदारासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात एक कागद येतो, ज्यावर लिहिलंय की आम्हाला माहीत नाही, येऊन बघा.

दुसरा उपाय म्हणजे शितं वाढवणं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायची कल्पना आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, म्हणजे एका मापकामागे साधारण ११ चौरस किलोमीटर, दोघांमधलं अंतर सव्वातीनच्या आसपास. ढगाच्या पुंजक्याच्या आकाराला हे पहिल्यांदाच भिडतं. पैसे कुठे घालायचे असं कोणी मला विचारलं (कोणी विचारत नाही म्हणा), तर नवीन मॉडेल, नवीन डॅशबोर्ड, एआय वगैरे सगळं बाजूला ठेवून मी आधी ही भांडी आणि ती दर पावसाळ्याआधी साफ करणारा माणूस यावर घालीन. मापकाच्या नळीत चिमणीने काडी ठेवली की कुठलीही स्पेस कामाला येत नाही.

आणि समजा सगळं जमलं, गावोगाव मापक बसले, तरी तो ६५ चा उंबरठा आहेच. ६४.८ ला काही नाही आणि ६५.२ ला सगळं, असं पायरीसारखं फंक्शन. एंटायरपणापासून याहून लांब जाता येत नाही, कुठलीही बहुपदी वळवून त्याला नीट चिकटत नाही. मोजणीत दोन-तीन मिलिमीटरची चूक धरली तर त्या पायरीपाशी किती गावं नुसत्या नशिबावर अलीकडे-पलीकडे होतात, याचा हिशोब महावेधचे जुने आकडे घेऊन मोताळा तालुक्यापुरता करून बघायचा विचार आहे. जमलं तर पुढच्या शनिवारी.